सांगली-मिरज-कुपवाडमध्ये स्वच्छ ऊर्जा आणि वाहतुकीकडे वळताना: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

सौर पॅनेलचे दरपत्रक मागवणे किंवा विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या शोरूममध्ये जाणे, ही या वाटेवरची बहुतेकांची पहिली पायरी असते. वास्तविक ती चौथी किंवा पाचवी असायला हवी. आपण किती ऊर्जा वापरतो, ती कुठे खर्ची पडते आणि त्यातली किती वाया जाते हे ठाऊक नसताना घेतलेले पॅनेल बहुधा गरजेपेक्षा मोठे असते आणि घेतलेले वाहन चुकीच्या कामाला जुंपले जाते. सांगली, मिरज आणि कुपवाड या परिसरात घर, दुकान किंवा लहान कारखाना असणाऱ्या आणि या विषयाकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकांसाठी हा लेख आहे. त्यात कोणती वस्तू घ्यावी यापेक्षा कोणते काम आधी करावे यावर भर दिला आहे.

आरंभी एक आकडा लक्षात ठेवावा. शेजारच्या सातारा जिल्ह्यात १,९६० मेगावॅट क्षमतेचा कोयना जलविद्युत प्रकल्प आहे आणि चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या फिरत आहेत, म्हणून आपल्या घरातली वीज स्वच्छच असावी असा समज या भागात आढळतो. परंतु वीज एकाच जाळ्यातून येते आणि त्या जाळ्यातली बहुतांश वीज अजूनही कोळशावर तयार होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशोबानुसार देशाच्या जाळ्यातल्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यामुळे जे युनिट आपण वापरलेच नाही, त्याच्याइतके स्वच्छ युनिट दुसरे नाही. पुढचा सारा क्रम याच गोष्टीवरून ठरतो.

पहिली पायरी: बारा महिन्यांची वीजबिले समोर मांडावीत

एका महिन्याच्या बिलावरून काहीच ठरवू नये. एप्रिल-मे महिन्यांत पंखे, कूलर आणि वातानुकूलन यंत्रांमुळे वापर फुगतो, तर पावसाळ्यात तो खाली येतो. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो आणि जुनी बिले संकेतस्थळावरून काढता येतात. घरगुती ग्राहकाने त्यातून तीन गोष्टी वहीत उतरवाव्यात: महिन्याचे युनिट, मंजूर भार (महावितरणने जोडणीला मंजूर केलेली कमाल क्षमता) आणि एकूण रक्कम. एकूण रकमेला युनिटने भागले की आपल्याला प्रत्यक्षात पडणारा दर मिळतो. हा दर दरपत्रकातल्या आकड्यापेक्षा जास्त निघतो, कारण त्यात स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्कही मिसळलेले असते.

घरगुती दर टप्प्यांचे असतात. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, १०१ ते ३०० चा त्याहून बराच जास्त, आणि पुढच्या टप्प्यांत तो आणखी चढतो. याचा अर्थ, वाचवलेले प्रत्येक युनिट आधी सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होते. महिन्याला ३२० युनिट वापरणाऱ्या घराने ३० युनिट वाचवले, तर त्यातले पहिले २० सर्वांत वरच्या दराचे असतात. हे गणित सौर पॅनेलचा आकार ठरवतानाही उपयोगी पडते, म्हणून ते इथेच समजून घ्यावे.

कारखानदाराचे बिल अधिक बोलके असते, पण ते बहुतेक वेळा हिशोबनीसाच्या टेबलावरून थेट फाइलमध्ये जाते आणि फोरमनच्या नजरेस कधी पडतच नाही. त्यातले चार आकडे दर महिन्याला कारखान्याच्या फलकावर लिहिले जावेत: करारातली मागणी (एका वेळी जास्तीत जास्त जेवढा भार घेण्याचा करार आहे तो), त्या महिन्यात नोंदली गेलेली कमाल मागणी, पॉवर फॅक्टर (जाळ्यातून ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाला लागणारा वाटा) आणि कोणत्या वेळेत किती युनिट वापरले गेले याचा तपशील. उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएच पद्धतीने (जाळ्यातून ओढलेल्या एकूण विजेवर) होते, म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की काम तेवढेच होऊनही मोजली जाणारी वीज वाढते. १०० किलोवॅटचा भार ०.९ पॉवर फॅक्टरवर चालला, तर जाळ्यातून १११ केव्हीए ओढले जातात. पॉवर फॅक्टर सांभाळणारा कपॅसिटर जळाला आहे आणि कोणाच्या लक्षात आलेले नाही, ही लहान कारखान्यांतली नेहमीची गोष्ट आहे.

दुसरी पायरी: इंधनाची वही

विजेचा हिशोब महावितरण ठेवते. पेट्रोल, डिझेल आणि गॅसचा आपल्यालाच ठेवावा लागतो. प्रत्येक वाहनासाठी एक पान करावे आणि त्यावर महिन्याचे किलोमीटर, लिटर आणि प्रवासाचे कारण अशा तीनच रकान्यांत नोंद करावी. तिसरा रकाना महत्त्वाचा आहे. कुपवाड औद्योगिक वसाहतीतला एखादा टेम्पो महिन्याला किती धावला हे मालकाला ठाऊक असते, परंतु त्यातल्या किती फेऱ्या विसरलेला एखादा सुटा भाग आणण्यासाठी रिकाम्या झाल्या, हे वहीशिवाय कळत नाही. रिकामी फेरी टाळणे हा वाहतुकीतला सर्वांत स्वस्त बदल आहे आणि त्यासाठी कोणतेही नवे वाहन घ्यावे लागत नाही.

तुलनेसाठी दोन आकडे पुरेसे आहेत. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. डिझेल जनरेटरचीही नोंद याच वहीत करावी. लहान जनरेटर लिटरमागे साधारण तीन ते साडेतीन युनिट देतो. त्यामुळे डिझेलचा दर लिटरला ९० रुपये धरला, तरी नुसत्या इंधनाचे युनिट २५ ते ३० रुपयांना पडते.

तिसरी पायरी: गळती बंद करावी

घराच्या बाबतीत ही पायरी लवकर संपते. जुना छताचा पंखा ७० ते ८० वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरीचा) पंखा साधारण ३० वॅट. रोज बारा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला सोळा-सतरा युनिट वाचतात, म्हणून सर्वाधिक चालणारा पंखा आधी बदलावा आणि पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्यावा. पाणी तापवण्याचा गीझर असेल तर सौर बंब हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. फ्रिजच्या दाराचे रबर तपासावे आणि वातानुकूलन यंत्र २४ ते २६ अंशांवर ठेवावे. यापलीकडे घरात फारसे शोधत बसू नये.

कारखान्यात मात्र या पायरीवर कितीही वेळ दिला तरी तो कमीच आहे, आणि सुरुवात कॉम्प्रेसरपासून, म्हणजे दाबाखालची हवा तयार करणाऱ्या यंत्रापासून, करावी. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सर्व यंत्रे बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर सुरू करावा, आणि तो किती वेळ भारावर चालतो व किती वेळ विनाभार राहतो हे घड्याळ लावून मोजावे. हवा कोणीच वापरत नसताना तो दोन मिनिटे भारावर आणि चार मिनिटे विनाभार चालत असेल, तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या एक तृतीयांश हवा केवळ गळतीत जाते आहे. सात बार दाबावर तीन मिलिमीटरच्या एका छिद्रातून निसटणाऱ्या हवेसाठी तीन-चार किलोवॅट वीज सतत खर्ची पडते. साबणाचे पाणी, टेफ्लॉन टेप आणि नवे कपलिंग एवढ्या साहित्यावर हे काम भागते. त्यानंतर दाब पाहावा. अनेक ठिकाणी सहा बारवर चालणाऱ्या साधनांसाठी आठ बारची हवा तयार केली जाते. एक बार दाब कमी केल्यास कॉम्प्रेसरची वीज सहा ते सात टक्क्यांनी घटते.

दुसरी जागा मोटरींची. १० अश्वशक्तीची, म्हणजे ७.५ किलोवॅटची मोटर वर्षाला ६,००० तास पाऊणभारावर चालली, तर ती ३८,००० युनिटांच्या आसपास वीज खाते. युनिटचा दर ८ रुपये धरला तरी हा खर्च तीन लाखांवर जातो, आणि मोटरची किंमत त्यापुढे किरकोळ ठरते. कार्यक्षमतेच्या आयई२ वर्गाऐवजी त्यावरच्या आयई३ वर्गाची मोटर घेतल्यास या आकारात कार्यक्षमता सुमारे पावणेदोन टक्क्यांनी वाढते आणि वर्षाला सातशेच्या आसपास युनिट वाचतात. चालू मोटर काढून लगेच नवी बसवावी असा याचा अर्थ नाही. जळालेली मोटर तिसऱ्यांदा भरून घेण्याऐवजी तेव्हा तरी नवी घ्यावी, इतकेच. ज्या पंख्यांना व ब्लोअरना डॅम्परने (हवेची वाट अडवणाऱ्या झडपेने) आवळून ठेवलेले असते, तिथे व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवण्याचा विचार आधी करावा. ब्लोअरचा वेग ८० टक्क्यांवर आणला की त्याला लागणारी शक्ती जवळपास निम्मी होते.

फाउंड्रीबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडीला १९१० मध्ये कारखाना उभा राहिल्यापासून ओतकाम आणि यंत्रकाम या जिल्ह्याच्या हाडीमाशी भिनले आहे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात. या आकड्याकडे प्रत्येकाचे लक्ष असते, परंतु त्याहून मोठी बचत यिल्डमध्ये दडलेली असते. ओतलेल्या धातूपैकी ६० टक्केच चांगले कास्टिंग (ओतीव वस्तू) म्हणून हाती येत असेल, तर एक टन मालासाठी १.६७ टन धातू वितळवावा लागतो. रनर-रायझरची (साच्यात धातू नेणाऱ्या वाटा आणि जादा धातूचे साठे यांची) रचना सुधारून आणि नापास माल कमी करून हेच प्रमाण ६५ टक्क्यांवर नेले, तर १.५४ टनांत काम होते आणि टनामागे पाऊणशे युनिट वाचतात. त्यासाठी नवी भट्टी लागत नाही. पॅटर्न (साच्याचा नमुना) आणि गेटिंगचा (धातू साच्यात नेणाऱ्या वाटांच्या मांडणीचा) अभ्यास लागतो. भट्टीला झाकण ठेवणे, परत टाकायच्या रनरवरची वाळू झाडून घेणे, गंजलेले स्क्रॅप टाळणे आणि लॅडल (वितळलेला धातू वाहून नेण्याचे भांडे) आधी तापवून ठेवणे या गोष्टी प्रत्येक फोरमनला माहीत असतात. तरीही साचे तयार नाहीत म्हणून धातू भट्टीत अर्धा तास तापत ठेवला जातो. मोल्डिंग (साचे बनवणारा) आणि मेल्टिंग (धातू वितळवणारा) या दोन विभागांच्या वेळा जुळवणे हे खरे तर व्यवस्थापनाचे काम आहे, आणि म्हणूनच ते विद्युत अभियंत्याच्या अहवालात सहसा सापडत नाही.

तासगाव, मिरज आणि कवठेमहांकाळ भागांतल्या बेदाणा व हळदीच्या शीतगृहांना हीच दृष्टी लागू पडते. दारावरचे प्लॅस्टिकचे पडदे, भिंतीतला ओलावा आणि कंडेन्सरवर साचलेला क्षार या गोष्टी नव्या यंत्राची चौकशी करण्याआधी पाहाव्यात.

चौथी पायरी: आता छताकडे पाहावे

वापर खाली आल्यावर जो आकडा उरतो, त्यावरून सौर संचाची क्षमता ठरवावी. आपल्या भागात एक किलोवॅटचा संच वर्षभराच्या सरासरीने रोज सुमारे चार युनिट देतो. मार्च ते मे या महिन्यांत तो याहून जास्त देतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये बराच कमी. एका किलोवॅटला सावलीविरहित सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. सांगलीचे अक्षांश सुमारे १७ अंश असल्याने पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि कल साधारण तेवढाच ठेवावा. पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि शेजारचे नारळाचे झाड यांची डिसेंबरातली सावली कुठवर येते हे पाहावे. मे महिन्यात मोकळी दिसणारी गच्ची हिवाळ्यात झाकली जाते.

घरगुती ग्राहकांसाठी केंद्र सरकारची पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यातून पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरवलेले आहे. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांसाठी, किलोवॅटमागे १८,००० रुपये आहेत. अनुदानासाठी देशातच बनलेल्या सेलचे पॅनेल लागतात. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर स्वतःच्या ग्राहक क्रमांकाने भरावा, विक्रेता सूचीबद्ध आहे याची खात्री करावी आणि अनुदान ग्राहकाच्याच बँक खात्यात जमा होते हे ध्यानात ठेवावे. "अनुदान वजा करून एवढे द्या, बाकीचे आम्ही पाहतो" असे म्हणणाऱ्याशी व्यवहार लेखी असल्याशिवाय करू नये. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यता तपासणीविना मंजुरी देण्याची तरतूद २०२४ मध्ये झाली असल्याने ही प्रक्रिया आता पूर्वीइतकी किचकट राहिलेली नाही.

अनुदान तीन किलोवॅटपर्यंत मिळते म्हणून सर्वांनी तीनच बसवावेत, हा सल्ला मला पटत नाही. महिन्याला १२० युनिट वापरणाऱ्या घराला एक किलोवॅट पुरतो. टप्प्यांच्या दरामुळे पहिला किलोवॅट सर्वांत महागडी युनिटे वाचवतो, दुसरा त्याहून स्वस्त, आणि तिसऱ्याची वीज कदाचित नुसती शिल्लक राहते. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जाळ्यात दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणाऱ्या पद्धतीत, शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, पण आर्थिक वर्ष संपताना उरलेल्या युनिटांना मिळणारा मोबदला आपण महावितरणला देतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. विजेवर चालणारे वाहन वर्षभरात घ्यायचे नक्की असेल, तर मात्र तेवढी भर आधीच धरून ठेवावी.

नवख्यांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच दूर करायला हवा. बॅटरीशिवायचा, जाळ्याला जोडलेला सौर संच वीज गेल्यावर बंद पडतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याला आपल्या छतावरून उलट येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे उपकरण) मुद्दाम तसाच बनवलेला असतो. भारनियमनात दिवे चालू राहावेत ही अपेक्षा असेल, तर बॅटरीसह हायब्रिड संच घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा धरावा लागतो.

देखभालीचा प्रश्न साधा आहे, पण आपल्याकडे त्याला एक स्थानिक पदर आहे. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या धुरांड्यांतली काळी राख दूरवर पसरते आणि वीटभट्ट्यांची धूळ तिच्यात मिसळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पॅनेल पंधरवड्यातून एकदा तरी सकाळी लवकर, पॅनेल थंड असताना, साध्या पाण्याने धुवावेत. क्षारयुक्त बोअरचे पाणी काचेवर तसेच सुकू देऊ नये.

कारखान्याच्या शेडवर पॅनेल बसवण्याआधी छताची तपासणी संरचना अभियंत्याकडून करून घ्यावी. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर पॅनेल बसवूच नयेत. त्यावर माणसाने चालणेही धोक्याचे असते. विक्रेता बहुधा सांगत नाही अशा दोन गोष्टी कारखानदाराने स्वतः विचाराव्यात. पहिली पॉवर फॅक्टरची. समजा भार १०० किलोवॅटचा आणि पॉवर फॅक्टर ०.९७ आहे, म्हणजे प्रतिघाती भार (जाळ्यातून ओढला जाणारा, पण प्रत्यक्ष काम न करणारा भाग) सुमारे २५ केव्हीएआर आहे. दुपारी सौर संच ८० किलोवॅट देऊ लागला की जाळ्यातून फक्त २० किलोवॅट घेतले जातात, पण ते २५ केव्हीएआर तसेच राहतात आणि मीटरवरचा पॉवर फॅक्टर ०.६२ वर कोसळतो. एपीएफसी पॅनेलची (कपॅसिटर आपोआप जोडून पॉवर फॅक्टर सांभाळणाऱ्या पेटीची) फेरमांडणी करून किंवा इन्व्हर्टरमधली सोय वापरून यावर उपाय करता येतो, मात्र तो करारातच लिहून घ्यावा. दुसरी गोष्ट वेळेची. औद्योगिक दर दिवसाच्या वेळेनुसार बदलतात आणि रात्रपाळीच्या युनिटांपुढे दुपारची सौर युनिटे एकास एक वळती होतीलच असे गृहीत धरू नये. चालू दरपत्रक समोर ठेवून, आपल्या पाळ्यांच्या वेळांनुसार बचतीचा तक्ता विक्रेत्याकडून मागावा. करारातल्या मागणीचा आकार तर सौर संचाने सहसा कमी होत नाही, कारण रात्रीची कमाल मागणी पूर्वीइतकीच राहते.

पाचवी पायरी: ये-जा आणि मालवाहतूक

वाहन बदलण्याआधी प्रवासाचा प्रकार बदलता येतो का ते पाहावे. हे कंटाळवाणे वाटले तरी आकडे त्याच्याच बाजूने आहेत. शंभर किलोमीटरला पेट्रोलवरची स्कूटर साधारण सव्वादोन लिटर पिते, म्हणजे सुमारे ५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. विजेवरची स्कूटर भिंतीतल्या प्लगमधून साडेतीन युनिट घेते, म्हणजे जाळ्यातल्या विजेवर सुमारे अडीच किलो. डिझेलवर चालणारी एसटी लिटरला साडेचार किलोमीटर धावते असे धरले आणि तिच्यात ४० प्रवासी असले, तर माणशी दीड किलोच पडतो. म्हणजे भरलेली लाल बस एकट्याने चालवलेल्या विजेवरच्या स्कूटरपेक्षाही स्वच्छ ठरते. भरगच्च वडापचाही हिशोब असाच चांगला निघतो. त्यातल्या सुरक्षिततेबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. वाहनाच्या मागे "शून्य प्रदूषण" असे लिहिलेले दिसले की हे आकडे आठवावेत.

सांगली ते मिरज हे अंतर सुमारे दहा किलोमीटरचे असून रस्ता जवळपास सपाट आहे. साताऱ्यासारखे चढ-उतार इथे नाहीत, त्यामुळे विश्रामबागेतून कुपवाडला किंवा मिरजेला कामावर जाणाऱ्या माणसाला सायकल शक्य आहे. अडचण अंतराची नसून मोठ्या वाहनांच्या गर्दीची आणि एप्रिल-मेच्या उन्हाची आहे. कारखानदारांना यात करता येण्याजोगे पुष्कळ आहे. सावलीतला सायकल-तळ आणि हात-तोंड धुण्याची सोय करावी, पाळीच्या वेळा बसच्या वेळांशी जुळवाव्यात, आणि शेजारच्या चार-पाच कारखान्यांनी मिळून एक सामाईक बस ठेवावी. पुणे किंवा कोल्हापूरच्या प्रवासासाठी मिरज जंक्शनवरून विजेवर धावणाऱ्या गाड्या आहेत. एकट्याने मोटारीने पुण्याला जाण्याआधी एवढे आठवले तरी पुष्कळ आहे.

एवढे करूनही स्वतःची दुचाकी लागणार असेल, आणि बहुतेकांना ती लागतेच, तर विजेवरची स्कूटर इंधनखर्चात सरळ परवडते. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या पुढे जातो, विजेचा युनिटला दहा रुपये धरूनही ३५ पैशांच्या आसपास राहतो. अनुदानाच्या योजना आणि रकमा सतत बदलत असल्याने हिशोब अनुदान शून्य धरूनच करावा. मिळाले तर तो फायदा समजावा. घेताना बॅटरीचा प्रकार, वॉरंटीची वर्षे व किलोमीटर, बॅटरी एआयएस-१५६ सुरक्षा मानकात बसते का, आणि सांगली-मिरजेतच दुरुस्ती केंद्र आहे का हे विचारावे. कंपनी सांगते त्या अंतराच्या सत्तर-पंचाहत्तर टक्के अंतर प्रत्यक्षात मिळेल असे धरून चालावे. लोहफॉस्फेट बॅटरी उष्णतेत अधिक स्थिर असते, म्हणून उन्हात उभ्या राहणाऱ्या वाहनाला ती बरी.

घरच्या जोडणीवरून घरगुती दरानेच चार्जिंग करता येते. त्यासाठी १५ अँपिअरचा स्वतंत्र प्लग, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. खिडकीतून खाली सोडलेली एक्स्टेंशन वायर हा अपघाताला दिलेला निमंत्रण-विडा आहे. अपार्टमेंटमध्ये वाहनतळावरच्या चार्जिंगला संस्थेची लेखी संमती घ्यावी आणि स्वतःच्या मीटरवरून तार टाकावी, म्हणजे सामाईक बिलावरून होणारे वाद उद्भवत नाहीत.

मालवाहतुकीत निर्णय रोजच्या किलोमीटरवर ठरतो. कुपवाड वसाहत, मिरज वसाहत, मार्केट यार्ड आणि वखारभाग यांच्यामध्ये फिरणारी विजेवरची तीनचाकी सुमारे अर्धा टन माल घेऊन एका चार्जमध्ये ८० किलोमीटरच्या आसपास चालते. तिला शंभर किलोमीटरला दहा युनिट लागतात असे धरले, तर इंधनखर्च किलोमीटरला एक रुपया. डिझेलवरच्या तीनचाकीला तो तीन रुपयांच्या वर जातो. रोज ६० किलोमीटर आणि वर्षात ३०० दिवस धरल्यास सुमारे ४०,००० रुपये वाचतात. रोज वीस-पंचवीस किलोमीटरच धावणाऱ्या वाहनात ही बचत जास्तीची किंमत भरून काढायला फार वर्षे घेते, म्हणून ते जुने वाहन चालू राहू द्यावे आणि जास्त धावणारे आधी बदलावे. पुण्या-मुंबईकडे जाणारा जड माल आजच्या घडीला विजेच्या वाहनावर टाकू नये. तिथे परतीचा भार जुळवणे आणि माल पुरेसा असेल तर मिरजेहून रेल्वेने पाठवणे, हेच पर्याय कामाचे आहेत.

सहावी पायरी: मोठ्या ग्राहकांसाठी

छत लहान आणि वापर मोठा असेल, तर वीज बाहेरून घेता येते. २०२२ च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी यासाठीची किमान मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, त्यामुळे मध्यम फाउंड्रीलाही हा मार्ग खुला झाला. वहन आकार, अधिभार आणि तोटा मिळवून शेवटी पडणारा दर काय, एवढाच प्रश्न विचारावा. उत्पादकाने सांगितलेला मूळ दर निर्णयाला पुरत नाही. बॉयलरसाठी दगडी कोळशाऐवजी बगॅस (उसाचा चोथा) किंवा शेतातल्या काडीकचऱ्याच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या कांड्या) वापरता येतात. त्या पावसाळ्यात भिजू नयेत म्हणून पक्के गोदाम लागते, आणि ओल वाढली की त्यांची उष्णता झपाट्याने उतरते.

युरोपला माल पाठवणाऱ्यांनी, किंवा अशा निर्यातदारांना सुटे भाग पुरवणाऱ्यांनी, पहिल्या दोन पायऱ्यांतल्या वह्या नीट जपाव्यात. युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन समायोजनाची (आयात मालाच्या उत्पादनात झालेल्या कार्बन उत्सर्जनावरील आकारणीची) नोंदणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आणि जानेवारी २०२६ पासून ती प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आली. लोखंड-पोलादाच्या ठराविक वस्तू तिच्या कक्षेत येतात. टनामागे किती वीज आणि किती इंधन लागले, हे ग्राहक विचारू लागला की फलकावर लिहिलेले महिन्याचे आकडेच कामी येतात.

सातवी पायरी: कृष्णेचे पाणी लक्षात घेऊन मांडणी करावी

बाहेरगावच्या विक्रेत्याच्या आराखड्यात हा मुद्दा नसतो, म्हणून तो आपणच घालावा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत गावभाग, मारुती चौक आणि नदीकाठच्या इतर वस्त्यांत पाणी घरांत शिरले. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. अशा भागात इन्व्हर्टर, बॅटरी आणि चार्जिंगचा प्लग २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर, शक्यतो पहिल्या मजल्यावर किंवा जिन्याच्या खोलीत बसवावा. पॅनेलपासून इन्व्हर्टरकडे येणाऱ्या तारा मुख्य स्विच बंद केला तरी दिवसा जिवंतच असतात, आणि सहा पॅनेलच्या एका माळेत ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. त्यामुळे डीसी बाजूचा (पॅनेलकडून येणाऱ्या तारांचा) स्विच छतावर किंवा पाणी पोहोचणार नाही अशा जागी असावा आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो बंद करता यावा.

पाण्याची पातळी चढत असल्याचे कळताच विजेवरचे वाहन उंच भागात हलवावे. बुडालेले वाहन सुकलेले दिसले तरी चार्जिंगला लावू नये किंवा सुरू करून पाहू नये. ते घरापासून दूर, मोकळ्या जागी ठेवून दुरुस्ती केंद्राला कळवावे, कारण बॅटरीत शिरलेल्या पाण्याचा परिणाम काही दिवसांनीही दिसू शकतो. सौर संच आणि वाहन या दोन्हींच्या विमापत्रात पुराचा धोका समाविष्ट आहे का, हे जूनपूर्वी तपासावे. बिले, वॉरंटीपत्रे आणि नेट मीटरिंगचा करार यांच्या प्रती फोनमध्ये आणि पूररेषेबाहेर राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवाव्यात.